आडव्या वाऱ्याचे हिंदुराव आबा

लग्नात अक्षता टाकताना हिंदुराव आबा नवरा-नवरीकडे बघत नाहीत. ते मांडवाच्या झालरीकडे बघतात. झालर कुठल्या बाजूला फडफडतेय, किती फडफडतेय, मध्येच पडते का, हे सगळं पहिल्या मंगलाष्टकात बघून घेतात आणि दुसऱ्यापासून कामाला लागतात. माझ्या पुतण्याचं लग्न कोरेगावला उघड्या मैदानावर होतं. वारा असा सुटला होता की अंतरपाट धरणारे दोघे त्याच्याशी कुस्ती खेळत होते. पाहुण्यांनी टाकलेल्या सगळ्या अक्षता बँडवाल्यांच्या अंगावर. क्लॅरिनेटवाला वाजवायचं सोडून डोळे चोळत होता. आणि आमचे आबा, नवऱ्यापासून चांगलं लांब, जिथं चिटपाखरू नव्हतं अशा जागेकडे तोंड करून मोकळ्या हवेत नेम धरून उभे. माझ्या जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं, "अगं, म्हाताऱ्याला दिसत नाही वाटतं." तेवढ्यात आबांची मूठ सुटली, अक्षता वाऱ्यावर वळल्या आणि नेमक्या नवऱ्याच्या फेट्यावर जाऊन उतरल्या.

"सावधान म्हनायच्या आधी सोडायच्या, डॉक्टरीणबाई," जेवताना त्यांनी मला सांगितलं. "सावधान म्हंजी टेकायची येळ. तवा हात उचलून काय उपेग?"

आबा माझे विमानाचे मास्तर. मी कोरेगावात दातांची डॉक्टर आहे आणि चाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकले. लोकांना याचं अजून नवल वाटतं. दातवाल्या बाईला विमान कशाला? का हो? आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी पाचगणीला बंगला बांधलाय. वर्षातून दोनदा तिथं जातात आणि टाकी गळतेय म्हणून बोंबलत परत येतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. मी विमान शिकले. पैसे माझे, जीव माझा, पहिल्या दिवशी वर जाऊन ओकले ती पिशवीसुद्धा माझी.

कऱ्हाडजवळ, कृष्णेच्या काठी, उसाच्या फडांमध्ये एक धावपट्टी आहे. तिथं दोन माणसं बसतील एवढी लहान विमानं आहेत, आणि कडेच्या दोन खोल्यांत आबा राहतात. मूळचे आष्ट्याचे. घरचा ऊस, भाऊबंद सगळे उसात. हे एकटे फौजेत गेले आणि तिथं लहान विमानं उडवायला लागले. निवृत्त होऊन आले तेव्हा भाऊ म्हणाले, आता ऊस बघा. आबांनी ऊस बघितला, पण वरून.

भेटल्यावर लोक रामराम म्हणतात, आबा म्हणतात, "वारा कुठनं हाय?" हॉटेलात बसण्याआधी, स्कूटर लावण्याआधी, मयताला गेल्यावर कुठं उभं राहायचं ते ठरवण्याआधी, हाच प्रश्न. माझ्याकडे दाढ काढायला आले तेव्हा पंख्याचा वारा उजव्या गालावर येतोय म्हणून खुर्ची फिरवायला सांगितली. माझी खुर्ची जमिनीत बोल्ट मारून बसवलेली आहे. शेवटी पंखा बंद केला, तेव्हा कुठं महाराजांनी तोंड उघडलं. दोघंही घामाघूम झालो, पण दाढ निघाली.

आता या माणसाला वाऱ्याचं एवढं काय, तर त्याला कारण आहे. आमची धावपट्टी पूर्व-पश्चिम. उन्हाळ्यात दुपार झाली की वारा दक्षिणेकडून येतो, म्हणजे बरोबर बरगडीत. समोरून येणारा वारा चांगला, तो विमानाला अलगद थोपवतो. आडवा वारा मात्र विमानाला पट्टीवरून ढकलत थेट उसात नेऊन घालू बघतो. त्यात उतरायचं कसं, हे शिकवायला आबा फळा-खडू घेत नाहीत. त्यांनी मला नदीवर नेलं. काठावर म्हशी डुंबत होत्या.

"पुराच्या पान्यातनं ह्या पल्याड न्यायच्या झाल्या तर कशा घालचाल?"

"सरळ," मी म्हटलं.

"सरळ घातल्या तर सांगलीत निघतील. मग जावा त्यांच्या मागं एस्टीनं! आवं, वरच्या अंगाला तोंड करून घालायच्या. तोंड एकीकडं, जानं एकीकडं. तवा कुठं समोरच्या घाटाला लागत्यात. इमान बी म्हैसच हाय."

म्हणजे वारा डावीकडून असेल तर नाक थोडं डावीकडे ठेवून, खेकड्यासारखं तिरकं तिरकं यायचं. पट्टी समोरच्या काचेत दिसत नाही, कडेला दिसते. पण विमान बरोबर पट्टीच्या रेषेत येत राहतं.

"आणि चाकं तशीच तिरकी टेकली तर?" मी विचारलं.

"तर मग चाकं म्हनत्यात हिकडं आनि इमान म्हनतंय तिकडं. उसाची ट्रॉली वळनावर काय करती, बघितलीया न्हवं? तसंच."

म्हणून टेकायच्या अगदी आधी वाऱ्याकडचा, म्हणजे डावा पंख किंचित खाली टाकायचा, आणि उजव्या पायानं पेडल दाबून नाक सरळ करायचं. मग आधी डावं चाक टेकतं, लंगडी घातल्यासारखं, मग उजवं, आणि शेवटी नाकाखालचं. हात एका दिशेनं, पाय दुसऱ्या दिशेनं. मी चिडून म्हटलं, हे माणसाच्या शरीराला जमायचं नाही. तेव्हा आबांनी बांधावरून वैरणीचा भारा घेऊन चाललेल्या बाईकडे बोट दाखवलं. "बघा. अंग वाऱ्याकडं टाकलंय, पाय बांधावरच हाईत. जमतंय का न्हाई?"

जमलं. मात्र आबांचा खरा राग टेकल्यानंतरच्या चुकीवर. चाकं टेकली की माणूस सुटलो म्हणून हात सैल सोडतो, आणि तेवढ्यात वारा पंखाखाली शिरून विमान उचलतो. "लगीन लागलं, चला जेवाय, असं करू नगा," ते ओरडायचे. "वारा जेवाय गेलेला न्हाई! पंख धरून ठिवा!"

इतका चांगला मास्तर, पण एक खोड फार वाईट. विमानात एक नियम असतो. विमान कुणाच्या ताब्यात आहे हे मोठ्यानं बोलून सांगायचं. आबा ठणठणीत आवाजात म्हणायचे, "तुमच्या हातात!" आणि स्वतःची दोन बोटं हळूच त्यांच्या बाजूच्या, विमान वळवायच्या दांड्याखाली सरकवायचे. माझा आणि त्यांचा, दोन्ही दांडे आतून जोडलेले असतात. त्यामुळे मी काही करायला जावं, तर ते आधीच झालेलं असायचं. सुरुवातीला मला वाटलं, मला चांगलं येतंय. मग बोटं दिसली.

"आबा, बोटं काढा."

"काढली की."

परत बोटं हजर. मी मुळातच फटकळ, त्यात माझ्या खुर्चीत पेशंटनं मध्ये हात घातला की चापट मारायची सवय. एकदा उतरायला येताना मी आबांच्या हातावर फाडकन चापट मारली. खाली ऊस शांत उभा, आणि वर आमचं हे चाललेलं.

विमान थांबल्यावर आबा हात चोळत म्हणाले, "फौजेत एवढी वर्सं काढली, वरच्या सायबानं बी हात उगारला न्हवता."

"त्यांच्या दांड्याखाली बोटं घातली नसतील तुम्ही."

"घातली हुती. त्येनी बदली केली माझी."

शिवाय आडवा वारा असला की आबा कुणालाच एकट्याला वर सोडायचे नाहीत. पोरं तयार असायची, विमान तयार असायचं, वारा नियमात बसत असायचा. तरी आबा मान हलवायचे. "आज नगं गड्या. चा पिऊ." असे चहा पिऊन पिऊन आमच्यातल्या निम्म्यांना पित्त झालं.

अशाच एका चहाला मी त्यांना धारेवर धरलं. म्हटलं, आबा, ही काय पद्धत झाली? शिकवायचं आडव्या वाऱ्याचं, आणि आडव्या वाऱ्यात सोडायचं नाही? आबांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. मग म्हणाले, "वैजू बी ह्येच म्हनायची."

वैजू म्हणजे वैजयंती, त्यांची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली. आबांनीच तिला वाढवलं आणि याच पट्टीवर उडायला शिकवलं. शांत हवेत ती एकटी उडायची, कुणी बघत राहावं असं. आडव्या वाऱ्यात मात्र शेजारी आबा आणि त्यांची दोन बोटं.

"एक दिवस तिनं इमान पट्टीच्या तोंडाला उभं केलं," आबा सांगत होते. "म्हनली, आबा, आता तुमी उतरा. आज मी एकली जानार. वारा लय आडवा हुता, पन तिच्या आवाक्यातला हुता. मी म्हनलं, उतरतो. आन् उतरलोच न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी कमरंचा पट्टा सोडला न्हाई. बसून ऱ्हायलो. ती म्हनली, उतरा. मी म्हनलं, व्हय. परत म्हनली. परत मी म्हनलं, व्हय. मग तिनं इंजन बंद केलं. तरी मी बसलेलोच. दिस कलला, वारा पडला, तवा उतरलो."

"आणि ती?"

"ती कवाच गेलती. कऱ्हाडच्या ष्टँडावर."

मला आधी हसूच आलं. एवढा मोठा फौजी माणूस रुसलेल्या जावयासारखा विमानात बसून राहिलेला डोळ्यांपुढे आला. पण पुढचं ऐकून हसू गेलं. वैजू परराज्यात गेली, तिथं शिकली, मोठी पायलट झाली, आता स्वतः दुसऱ्यांना शिकवते. घरी मात्र परत आली नाही. दिवाळीला फोन करते. आबा विचारतात, "वारा कसा हाय तिकडं?" ती म्हणते, "बरा आहे." आबा विचारतात, "बरा म्हंजी कुठनं?" आणि मग दोघांकडेही बोलायला काही उरत नाही.

"तिला वाटतं, बापाला वाटतंय हिला येत न्हाई," आबा म्हणाले.

"मग सांगा की तिला, येत होतं म्हणून. मी भ्यालो म्हणून."

"मास्तरनं भ्यालो म्हनायचं व्हय?" आबांनी बशी खाली ठेवली. "बापानं एक येळ म्हनावं. पन मी तिचा मास्तर बी हाय न्हवं?"

या म्हाताऱ्याला जगात एकच गोष्ट हवी होती. पोरीनं एकदा घरी यावं. आणि त्यासाठी जे एक वाक्य बोलायला हवं, ते त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं.

मग परवाच्या मार्चमध्ये सकाळी सकाळी आबांचा फोन. आमचं दुसरं विमान इंजिनाच्या कामाला बाहेर गेलं होतं, ते परत यायचं होतं. आणायला कुणी पायलट मिळेना. शेवटी जी मिळाली ती वैजू.

"डॉक्टरीणबाई, दवाखाना बंद ठिवा. वैजू येतीया."

"अहो, माझे पेशंट बसलेत. मी कशाला?"

"मला एकट्याला नगं," आबा म्हणाले.

मी पेशंटच्या दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं आणि निघाले. जाऊन बघते तर आबांचा अवतार बघण्यासारखा. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, बूट चकाचक. पहाटेपासून पट्टीवर फिरून खडे वेचलेले. कुंपणाशी माणदेशाकडच्या धनगरांचा तळ पडला होता, त्यांना चार वेळा सांगून आले होते की मेंढरं आज तेवढी पल्याड ठेवा. चुलीवर भरली वांगी. आणि माणूस एका जागी बसेना.

सकाळी हवा इतकी शांत होती की आबा देवाचे आभार मानत होते. पण वैजूला निघायला उशीर झाला, मध्ये इंधन भरायला वेळ गेला, आणि दुपार झाली. नदीपलीकडे कुणीतरी पाचट पेटवलं होतं. त्याचा धूर आधी सरळ वर जात होता, तो हळूहळू आडवा झाला. पट्टीच्या कडेला खांबावर वारा दाखवणारी लाल-पांढरी कापडी पिशवी असते, आमच्याकडे तिला मोजा म्हणतात. तो मोजा ताठ झाला. दक्षिणेकडून, बरोबर बरगडीत.

आबांच्या हातात रेडिओ होता. तो खरखरला. रेडिओवर सगळं इंग्रजीत चालतं, मी इथं मराठीत सांगते. वैजूचा आवाज आला. एकदम शांत, कामापुरता. "पट्टी दिसतेय. वारा सांगा."

आबांनी वाऱ्याच्या मीटरकडे बघितलं. मीही बघितलं. वारा विमानाच्या मर्यादेत होता, पण जेमतेम. मध्येच झटके येत होते. आबांचा अंगठा रेडिओच्या बटणावर, पण ते दाबेनात. मला कळलं त्यांच्या मनात काय चाललंय ते. आकडा थोडा वाढवून सांगितला की पोरगी वळून कोल्हापूरच्या विमानतळावर जाईल. सुखरूप उतरेल आणि तिथूनच परत जाईल.

"आबा," मी म्हटलं, "खरं सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांचं काही हिसकावून घेतलंय. मग बटण दाबलं आणि मीटरवर होता तोच वारा सांगितला, झटक्यांसकट.

"कळलं," वैजू म्हणाली. "उतरते."

आबांनी रेडिओ माझ्या हातात कोंबला. "धरा ह्ये. माझ्या हातात असला तर मी बोलंन तिला." आणि मोज्याच्या खांबाला एका हातानं धरून त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. माझ्या खुर्चीत बसून डोळे मिटणारी माणसं मी रोज बघते, पण इतके घट्ट मिटलेले डोळे नाही बघितले.

"आबा, हे काय? बघा की!"

"तुमी बघा. मला सांगा. कुठं हाय?"

"वळलीय. पट्टीच्या रेषेत आली."

"नाक?"

"डावीकडे. खेकड्यासारखं येतंय. छान येतंय, आबा."

"छान-बिन नगं! पंख सांगा."

"सरळ आहेत. खाली येतेय... आता डावा खाली गेला... अगं बाई!"

झटका आला होता. विमान पट्टीवरून सरकलं, डावा पंख उचलल्यासारखा झाला. आबांनी मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं, ते असं की दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होते. आणि इंजिनाचा आवाज एकदम चढला.

"ग्येली का वर?"

"गेली! वर गेली, परत फिरून येतेय."

"शानी माझी बाय ती," आबा म्हणाले. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "जबरीनं टेकवाय गेली न्हाई. लय शानी."

ती पूर्ण चक्कर मारून परत आली. मी सांगत राहिले. नाक डावीकडे. धूर तसाच. पट्टीवर आली. डावा पंख खाली. नाक सरळ होतंय, आबा, सरळ झालं. डावं चाक टेकलं. फक्त डावं. धावतेय एका चाकावर. उजवं टेकलं. नाकाचं टेकलं.

"पंख सोडला का तिनं?"

"नाही. धरून ठेवलाय. अजून धरलाय. हळू झाली. वळली, आबा. पट्टीवरून बाहेर आली."

माझं मनगट सुटलं. आबांनी खांबाला पाठ लावली आणि तसेच खाली बसले, इस्त्रीच्या शर्टासकट मातीत.

विमान येऊन थांबलं. वैजू उतरली. उंच, उन्हानं रापलेली, केस आवळून बांधलेले. मला वाटलं होतं तशी ती अजिबात घुश्शात नव्हती, उलट परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलीसारखी दिसत होती. ती सरळ आबांपुढे येऊन उभी राहिली. रामराम नाही, कसे आहात नाही.

"कसं झालं, आबा?"

आबा तिच्या बुटांकडे बघत होते. मी मनात म्हटलं, आता हा म्हातारा पहिल्या खेपेला वेग जास्त होता असलं काहीतरी काढणार, आणि पोरगी कऱ्हाडच्या स्टँडवर जाणार.

"बघितलं न्हाई मी," आबा म्हणाले.

"म्हणजे?"

"डोळं मिटलं हुतं. ह्या डॉक्टरीणबाईस्नी इचार. मला भ्या वाटलं गं." आणि मग इतकी वर्षं अडकलेलं सगळंच बाहेर पडलं. "त्या दिवशी बी भ्याच वाटलं हुतं. तुला येत हुतं. तवाच येत हुतं. पाय हालंना झालता माझा, म्हनून उतरलो न्हाई."

वैजूनं गळ्यातले मोठे हेडफोन काढले, ते तिथं अडकलेलेच राहिले होते हे तिला आत्ता कळलं असावं. ती आबांशेजारी मातीत बसली.

"मग एवढी वर्षं मी कुणाला दाखवायला उडत होते, आबा?" ती म्हणाली. "दर खेपेला टेकले की मनात तुम्हालाच विचारायचे. कसं झालं म्हणून. आणि तुम्ही मनातसुद्धा कधी चांगलं म्हणाला नाहीत."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग माझ्यासारख्या फटकळ बाईलाही तिथं उभं राहवेना. मी रेडिओ बंद केला आणि चहा सांगायला गेले. फाटकाजवळच्या टपरीवाल्याला मुद्दाम दुसरा, ताजा चहा टाकायला लावला, तेवढाच वेळ जावा म्हणून.

परत आले तेव्हा दोघं पंखाच्या सावलीत येऊन बसली होती. वांग्याचं पातेलं मध्ये, भाकरी मांडीवर. "आता सांग सगळं," आबा म्हणत होते. "पयल्यापासनं. नदी वलांडलीस तवापासनं सांग." वैजू उष्ट्या हाताचा पंख करून झटका कसा आला ते दाखवत होती. आबांनी घास हातातच धरला होता आणि ते ऐकत होते.